ग्रीसच्या कासव कॅम्पवर सहा आठवडे: माझा अनुभव आणि तुमचे प्रश्न

केतकी_स्टुटगार्ट

गेल्या वर्षी इथेच कोणीतरी विचारलं होतं, की परदेशातल्या कासव कॅम्पवर स्वयंसेवक म्हणून जाता येतं का. चार-पाच जणांनी "आम्हालाही सांगा" लिहिलं आणि धागा तिथेच थांबला. मीही त्या चार-पाच जणांत होते. या उन्हाळ्यात जाऊन आले. जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ग्रीसमध्ये, किपारिसिया खाडीवर. लांबण लागणार आहे, त्यामुळे ज्यांना फक्त खर्च आणि व्हिसा हवा आहे त्यांनी खाली विचारा, सांगते.

ग्रीसचा पेलोपोनीज भाग नकाशात पाहिलात तर त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर ही खाडी दिसेल. लांबी ४४ किलोमीटर, पण कासवांची खरी गर्दी दक्षिणेकडे नेदा आणि आर्काडिकोस या दोन नद्यांच्या मधल्या साडेनऊ किलोमीटरच्या पट्ट्यात. मागे वाळूच्या टेकड्या, त्यामागे पाइनची झाडं, पुढे अख्खा समुद्र. कासव म्हणजे लॉगरहेड, थोराड डोक्याचं. ग्रीसमध्ये यांची मोठी घरटी-वसाहत झाकिन्थोस बेटावर आहे हे १९७७ मध्ये लक्षात आलं, आणि त्यातून १९८३ मध्ये आर्केलॉन ही संस्था उभी राहिली. मी त्यांच्याकडेच गेले होते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण जाण्यापूर्वी मला ती कोणी सांगितली नव्हती. पहिल्या चार दिवसांत मला एकही कासव दिसलं नाही. दिसले ते माग. पहाटे पाचला उठायचं, दोघादोघांनी आपापल्या टप्प्यावर जायचं आणि उजाडता उजाडता पुळणीवरून चालत सुटायचं. रात्री मादी येऊन गेली असेल तर वाळूत तिचा रस्ता उमटलेला असतो: मधे पोटाचा घासलेला पट्टा आणि दोन्ही बाजूंना पायांच्या खुणा, एक डावीकडे, मग पुढे एक उजवीकडे, एकाआड एक, स्वल्पविराम काढत गेल्यासारख्या. वाळू कुठल्या बाजूला ढकलली आहे यावरून ती वर कुठून चढली आणि खाली कुठून उतरली ते कळतं. पुष्कळदा ती वर येते, फिरते, कशाने तरी बिचकते आणि अंडी न घालताच परत जाते. तेही टिपून ठेवायचं.

आमच्या टीम लीडरने पाचव्या दिवशी मला गुडघ्यावर बसवलं. समोर मोठं परातीएवढं विस्कटलेलं वर्तुळ, अंडी नेमकी कुठे आहेत याचा पत्ता नाही. ती म्हणाली, बोटांच्या टोकांनी शोध, घाई करू नकोस. वरची वाळू कोरडी, खालची घट्ट, ओलसर. मी इंच इंच सरकत होते. एका जागी बोटं एकदम आत गेली. वाळू तिथे सैल होती, भाजलेल्या रव्यासारखी. कोपरापर्यंत हात आत गेल्यावर बोटाला काहीतरी गोल, गार, किंचित चेपलेलं लागलं. टेबल टेनिसच्या चेंडूएवढं. मी हात तसाच ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, "बास, आता झाक." अंडं बाहेर काढायचं नाही, बघायचंही नाही. लागलं, म्हणजे घरटं आहे. वाळू होती तशी परत भरायची, वर जाळी पुरायची, नंबर लावायचा, मागच्या खुंट्यांपासून अंतर मोजायचं, वहीत लिहायचं आणि पुढे चालायला लागायचं.

जाळी कशासाठी? तिथला कोल्हा, म्हणजे लालसर खोकड, एका रात्रीत अख्खं घरटं फस्त करतो. कुत्रीही उकरतात. जाळीची भोकं एवढी असतात की पिल्लू सहज बाहेर येतं पण खोकडाला खणता येत नाही. या खाडीवर बांबूच्या जाळ्याही वापरतात. लोखंडाने आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं, आणि कासवं आयुष्यभर पृथ्वीच्या चुंबकत्वावर दिशा ओळखतात. एवढा विचार करून कोणीतरी बांबूच्या पट्ट्या बांधत बसलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

घरटं लाटांच्या टप्प्यात असेल तरच अंडी हलवायची, तीही त्याच सकाळी. बादलीत ओली वाळू, अंडी एकेक करून, न फिरवता, जशी होती तशी. वर नवा खड्डा खणायचा तो तितकाच खोल आणि तशाच सुरईच्या आकाराचा. हे काम मला करू दिलं नाही, मी फक्त मोजत होते.

ऑगस्टमध्ये पिल्लं निघायला लागली. त्या दिवसांतलं माझं मुख्य काम काय होतं सांगू? संध्याकाळी पुळणीवरच्या लोकांशी बोलणं. छत्र्या आणि खुर्च्या रात्री वाळूवर ठेवू नका. मुलांनी खणलेले खड्डे घरी जाताना बुजवा. टॉर्च, फ्लॅश नको. पिल्लू समुद्राकडे जातं ते तिकडचं आकाश जास्त उजळ असतं म्हणून. मागे एखाद्या टॅव्हर्नाचा, म्हणजे तिथल्या खानावळीचा, दिवा असेल तर ते दिव्याकडे चालायला लागतं, आणि सकाळी आपल्याला रस्त्याच्या कडेला सापडतं. अशी घरटी आम्ही बोरूच्या चटयांनी मागून झाकायचो.

पिल्लं बाहेर पडून गेली की काही दिवसांनी घरटं उकरून हिशेब करायचा असतो. याला उत्खनन म्हणते मी, कारण वास आणि धीर दोन्ही तसेच लागतात. माझ्या वाट्याला आलेल्या एका घरट्यात ११२ अंडी होती. ९३ रिकामी कवचं, १९ न फुटलेली. ती उघडून आतला जीव किती वाढला होता तेही लिहायचं. मी उघडत होते आणि लिहिणारा इटालियन मुलगा माझ्या प्रत्येक शब्दानंतर "ओके" म्हणत होता. अगदी तळाशी, गवताच्या मुळांत अडकलेली दोन पिल्लं जिवंत निघाली. पाण्यापासून काही अंतरावर, ओल्या वाळूवर ठेवली. पाण्यात सोडली नाहीत. ते अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. एक थेट गेलं. दुसरं तीन वेळा थांबलं, एका बुटाच्या ठशात पडलं, चढून बाहेर आलं. तो ठसा माझाच होता. त्या दिवसापासून मी पाण्याच्या कडेने अनवाणी चालले.

सहा आठवड्यांत पिल्लांना मी दोनदाच हात लावला, दोन्ही वेळा सांगितलं म्हणून. कुठल्याही कॅम्पची चौकशी करताना पहिला प्रश्न हाच विचारा: पिल्लं हातात घ्यायला मिळतील का? "हो, भरपूर" असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका.

विदुर

सुंदर लिहिलं आहे, वाचनखूण साठवली. मनात आलं ते स्पष्ट विचारतो, राग मानू नका. अशा ठिकाणी जायला आपणच पैसे भरायचे असतात ना? आपण पैसेही द्यायचे आणि घामही गाळायचा, हे मला समजत नाही. कामाची माणसं हवी असतील तर गावातल्यांना पगार द्यावा.

केतकी_स्टुटगार्ट

राग कसला. मीही भरायच्या आधी आठवडाभर हाच विचार करत होते.

सहभाग शुल्क भरावं लागतं, प्रवास आणि जेवणाचा खर्च आपला. आकडा मुद्दाम देत नाही, दरवर्षी बदलतो, संस्थेच्या पानावर बघा. त्या पैशातून तंबूची जागा, पाणी, जाळ्या, सायकली, लीडर लोकांचा खर्च निघतो. साडेनऊ किलोमीटर किनारा रोज पहाटे चालायचा, मे ते ऑक्टोबर, एकही दिवस न चुकता, हे एवढ्या माणसांशिवाय होत नाही. आणि सहा आठवड्यांसाठी आलेली माझ्यासारखी बाई पहिला आठवडा शिकण्यातच घालवते, म्हणजे तेवढं त्यांच्यावर ओझंच. म्हणूनच ते किमान काही आठवडे राहायची अट घालतात. "तीन दिवसांत कासव वाचवा" अशा जाहिराती जिथे असतात तिथे तुमची शंका शंभर टक्के खरी आहे.

गावातल्यांना पगार हा मुद्दा मात्र मला पटतो. तिथे या बाबतीत वाद आहेत. जमिनीचे मालक म्हणतात की कासवांमुळे आम्हाला घरं बांधता येत नाहीत. झाकिन्थोसबद्दल युरोपीय न्यायालयाने २००२ मध्ये ग्रीसला दोषी ठरवलं, किपारिसियाबद्दल २०१६ मध्ये, आणि २०१८ मध्ये या खाडीसाठी संरक्षणाचा हुकूम निघाला. हे न्यायालय लक्झेंबर्गला. निकाल तिथे लागतो, राग गावात राहतो. मला रोज सकाळी एक आजोबा भेटायचे, पुळणीला लागून त्यांची टोमॅटोची बाग. पहिले दोन आठवडे ते माझ्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत. मग एक दिवस कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "पोसा?" म्हणजे किती. मी बोटांनी तीन दाखवले. "त्रिया," त्यांनी मला शब्द दिला. पुढे रोज तोच प्रश्न. शेवटच्या दिवशी पिशवीभर टोमॅटो दिले.

हर्णैकर

केतकीताई, मी दापोली तालुक्यातला. तुमचं वाचताना सारखं आपलं कोकणातलं वेळास गाव डोळ्यासमोर येत होतं, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडे ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. मी लहान असताना कासवाची अंडी काढून आणणं यात कोणाला काही वावगं वाटत नसे. माग बघायचा, काठीने टोचत जायचं, काठी आत गेली की अंडी. तुम्ही बोटांनी शोधलंत ना, तीच विद्या, फक्त पुढचं टोक वेगळं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं २००२ च्या सुमारास समुद्रगरुडाच्या अभ्यासासाठी फिरत होती, तेव्हा त्यांना वेळासला अंड्यांची टरफलं दिसली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून काम सुरू केलं. ज्यांना माग कळत होता त्यांनाच त्यांनी हाताशी धरलं. आज त्यांना कासवमित्र म्हणतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घराघरांत राहायला लागले. विदुरभाऊ, तुमचा पगाराचा प्रश्न वेळासने असा सोडवला. पडवीत गाद्या घालायच्या, पाहुण्याला आमटी-भात वाढायचा, आणि चार पैसे थेट त्या घरात.

एक फरक मात्र आहे. आमच्याकडे बहुतेक अंडी कुंपणाच्या आत, हॅचरीत आणून पुरतात. कोल्हे, कुत्री, माणसं, उधाणाचं पाणी, सगळंच होतं. ग्रीसमध्ये जागच्या जागी ठेवतात हे वाचून वाटलं, आपण चुकतोय का?

समुद्रशेवाळ

हर्णैकर, तुम्ही चुकत नाही. मी सागरी जीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर.

घरटं जागच्या जागी ठेवता येत असेल तर तेच उत्तम, यात दुमत नाही. पण ते परवडायला किनाऱ्यावर तितकी घरटी आणि तितकी सुरक्षितता लागते. जिथे हंगामात मोजकी घरटी आणि त्यातली बरीच चोरीला जाणार, तिथे हॅचरी हाच शहाणपणा होता. कळीचं काय, तर वेळ. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या भागाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटं झालं, तर तो तुटतो आणि मरतो. म्हणून कासवमित्र पहाटेच्या आत पोचायला बघतात आणि म्हणून केतकीच्या लीडरने नवशिकीच्या हातात अंडी दिली नाहीत.

दुसरी गोष्ट तापमान. कासवाच्या पिल्लाचं लिंग बापाच्या शुक्राणूवर ठरत नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास नर-मादी निम्मे निम्मे, त्याहून गरम वाळूत माद्या, थंड वाळूत नर. म्हणून हॅचरीत सावली किती द्यायची, खड्डा किती खोल घ्यायचा, हे वाटतं तितकं साधं नाही. उन्हाळे तापत चालले तसा हा प्रश्न ग्रीसलाही आहे आणि कोकणालाही.

तिसरी, केतकीने हात न लावण्याबद्दल लिहिलं ते. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा पोटाशी बलकाची शिदोरी असते. त्या शिदोरीवर ते वाळूतून वर येतं, समुद्र गाठतं आणि पहिला साधारण एक दिवस न थांबता पोहतं, कारण किनाऱ्याजवळचं उथळ पाणी त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याचं. कोणी त्याला हौदात ठेवलं तर ते हौदाच्या भिंतीला धडका देत पोहतच राहतं. ती ताकद तिथेच संपते. दोन दिवसांनी समारंभ करून सोडलेलं पिल्लू आपल्याला टवटवीत दिसतं, पण त्याची शिदोरी रिकामी झालेली असते.

शार्दूल

शेवटचा परिच्छेद वाचून पोटात कालवलं.

आम्ही तीन वर्षांपूर्वी श्रीलंकेला गेलो होतो. दक्षिण किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला बऱ्याच कासव-हॅचऱ्या आहेत. एकीत तिकीट काढून गेलो. सिमेंटचे हौद, त्यात शेकडो पिल्लं. तिथला माणूस म्हणाला, तीन दिवस ठेवतो, मजबूत होतात, मग सोडतो. माझ्या मुलीच्या ओंजळीत त्याने एक ठेवलं. ती तेव्हा सहा वर्षांची. ते सारखे पाय मारत होतं आणि ती म्हणत होती, "बाबा, याला गुदगुल्या होतायत." आम्ही फोटो काढला. तो अजून दिवाणखान्यात भिंतीवर आहे.

सगळ्या हॅचऱ्या अशाच असतील असं म्हणणार नाही, आणि त्या माणसाने वाईट बुद्धीने केलं असंही वाटत नाही. गावकऱ्यांकडून अंडी विकत घेऊन ती खाण्यापासून वाचवत होता, हे खरंच होतं. पण आम्हाला हौद दाखवल्याशिवाय त्याचं तिकीट खपलं नसतं, आणि हौद बघायला आम्हीच गेलो होतो.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. आज संध्याकाळी तिला हे सगळं समजावून सांगणार आहे.

पमा_न्यूजर्सी

शार्दूल, सांगाच. मुलांना कळतं.

मी कोस्टारिकाबद्दल लिहिते. आम्ही दोन वर्षांपूर्वी तोर्तुगेरोला गेलो, कॅरिबियन किनारा. तिथे हिरवी कासवं येतात. आर्ची कार या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तिथे अभ्यास सुरू केला, १९५९ मध्ये संस्था निघाली आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. रात्री गाइडबरोबरच जायचं, गडद कपडे घालायचे, कॅमेरा आणि फोन अजिबात नाही. माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा, फोनशिवाय दोन तास काळोखात उभा होता. मादी अंडी घालत असताना तिच्या मागे, तिला दिसणार नाही असं वाकून बघायचं. अंडी पडताना तिचे मागचे पाय खड्ड्याच्या काठावर अलगद टेकलेले असतात. आम्ही एकमेकांचा श्वास ऐकत होतो.

हर्णैकर यांनी पैशाचं लिहिलं म्हणून आणखी एक. त्याच देशात पॅसिफिक बाजूला ओस्तिओनाल गाव आहे. तिथे ऑलिव्ह रिडले एकाच वेळी हजारोंनी येतात, आपल्या ओडिशासारख्या. १९८७ पासून तिथल्या गावकऱ्यांना कायद्याने अंडी गोळा करायला परवानगी आहे, पण फक्त पहिल्या दीड दिवसात. कारण नंतर येणाऱ्या माद्या तीच वाळू उकरतात आणि आधीची अंडी फुटतात. त्या बदल्यात गाव किनारा साफ ठेवतं, पहारा देतं. मला आधी धक्का बसला होता, मग पटलं. पण हे फक्त जिथे असे लोंढे येतात तिथेच. वेळासला नाही, ग्रीसला नाही.

आणि हेही लिहायला हवं. कोस्टारिकातच, मोईनच्या किनाऱ्यावर, २०१३ मध्ये खैरो मोरा सांडोव्हाल नावाच्या २६ वर्षांच्या मुलाचा खून झाला. लेदरबॅक जातीच्या कासवांची घरटी राखायला तो रात्री गस्त घालायचा. अंडीचोर आणि अमली पदार्थवाले तिथे एकच किनारा वापरत. त्यामुळे कुठल्याही कॅम्पला जाण्याआधी त्या किनाऱ्याची माहिती काढा. देशाची नाही, किनाऱ्याची.

मीनल_आई

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझी लेक एकवीस वर्षांची, पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिला पुढच्या उन्हाळ्यात असंच कुठेतरी जायचंय, एकटीला. केतकीताईंचा लेख तिनेच मला पाठवला. पमाताईंचं वाचून मात्र काळजात धस्स झालं. तिला नाही म्हणायची इच्छा नाही. तंबू कसले असतात, रात्री बाहेर जावं लागतं का, आम्ही शाकाहारी आहोत त्याचं काय, व्हिसा कसा, एवढं सांगाल का?

केतकी_स्टुटगार्ट

मीनलताई, सगळं सांगते. माझ्या आईनेही हेच विचारलं होतं, आणि मी तर छत्तीसची आहे.

किपारिसियाला मोईनसारखी भीती नाही. तिथे अंडीचोर नाहीत, चोर म्हणजे खोकड. कोणीही कधी एकटं चालत नाही, सकाळीसुद्धा. रात्रीची गस्त असते, तीही गटाने आणि लाल दिव्याच्या टॉर्चवर. तंबू दोघींत एक किंवा आपापला, झाडांच्या सावलीत. ऑगस्टमध्ये सकाळी नऊनंतर तंबूत थांबवत नाही इतका तापतो, त्यामुळे दुपारची झोप चटई टाकून बाहेरच. न्हाणीघर सामाईक, पाणी जपून. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. पोरं-पोरी विशीतल्या, दहा-बारा देशांतल्या. लेकीला इंग्रजी येत असेल तर बोलण्याची अडचण नाही.

जेवणाची चिंता तर सोडाच. स्वयंपाक पाळीपाळीने, आणि बहुतेक वेळा शाकाहारीच, कारण फ्रिज लहान. पास्ता, भात, चवळी, काबुली चणे, टोमॅटो, काकडी, फेटा चीज. माझ्या पाळीला मी मसुराची आमटी केली. ग्रीक लोक मसूर आवडीने खातात, फाकेस म्हणतात, पण त्यात तमालपत्र, ऑलिव्ह तेल आणि वरून व्हिनेगर. मी जर्मनीहून नेलेला गोडा मसाला, गूळ आणि आमसुलं घातली. वीस-बावीस माणसांचं पातेलं होतं. एका ग्रीक मुलीने आमसूल चघळत विचारलं की हे झाडावर येतं का, आणि मग मला कोकम सरबतापासून सोलकढीपर्यंत सगळं समजावून सांगावं लागलं. लेकीबरोबर गोडा मसाल्याची एक पुडी नक्की द्या.

व्हिसा: मी जर्मनीची रहिवासी, मला वेगळा लागला नाही. भारतातून शेंजेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा लागेल, त्यात १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. स्वयंसेवक म्हणून जातेय हे अर्जात लपवायचं नाही. संस्थेकडून पत्र घ्यायचं, आणि कोणत्या प्रकारात अर्ज करायचा ते व्हिसा केंद्रालाच विचारायचं. विमा करायचाच. हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करा.

तयारीचं म्हणाल तर रोज वाळूत पाच-सात किलोमीटर चालायची सवय. पुण्यात वाळू नाही, पण पर्वती आहे. आणि तिला आधी एकदा वेळासला न्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन दिवस. पहाटे उठून, हॅचरीतल्या घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली काही नाही असं तीनदा बघून आली आणि तरीही जायचं म्हणाली, तर पाठवा.

आनंदयात्री_६२

मीनलताईंच्या लेकीला शुभेच्छा. माझा प्रश्न उलटा आहे. वय ६२, बँकेतून निवृत्त, गुडघे अजून ठीक. आमच्यासारख्यांना घेतात का?

केतकी_स्टुटगार्ट

काका, घेतात. आमच्यात एक डच बाई होत्या, सदुसष्ट वर्षांच्या, त्यांची ती नववी खेप. माग वाचण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पहाटेचं चालणं झेपलं नाही तर माहिती केंद्रावर बसायचं काम असतं, आणि तिथे शांतपणे बोलणाऱ्या माणसाची फार गरज असते. शिवाय आथेन्सजवळ ग्लिफाडाला जखमी कासवांचं उपचार केंद्र आहे, १९९४ पासूनचं. बोटीच्या पंख्याने पाठ फुटलेली, गळ गिळलेली कासवं तिथे आणतात. हौद घासायचे, मासे कापायचे. तंबूपेक्षा ते तुम्हाला सोयीचं पडेल.

विदुर

शेवटचा प्रश्न. इतकं करून कासवं वाढली का?

समुद्रशेवाळ

केतकीच्या आधी मी सांगते. भूमध्य समुद्रातल्या लॉगरहेडना आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत २०१५ मध्ये 'किमान चिंता' या गटात टाकलं. पण त्याच मूल्यमापनात म्हटलंय, की ही स्थिती संरक्षणाचं काम चालू आहे म्हणून आहे, ते थांबलं तर टिकणार नाही. मादी वयात यायला वीस-तीस वर्षं लागतात. म्हणजे आज किपारिसियाला वर चढणारी मादी ही बहुधा नव्वदच्या दशकात कोणीतरी राखलेल्या घरट्यातली असणार. केतकीने जाळी पुरली त्यातली पिल्लं साधारण २०५० च्या आसपास अंडी घालायला येतील.

आणि आपल्याकडचंही सांगते. २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीला उपग्रह ट्रान्समीटर लावला, तिचं नाव प्रथमा. त्यानंतर गुहागरची बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी असं आपण धरून चाललो होतो.

हर्णैकर

त्या टॅगचा नंबर बघायला गुहागरहून माझ्या मित्राचा पहाटे फोन आला होता. तो दुसरं काही बोलेचना, नंबरच परत परत वाचत होता.

मीनल_आई

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं. मार्चमध्ये आम्ही तिघं वेळासला जाऊन आलो. पहिल्या सकाळी काही नाही, संध्याकाळी काही नाही, दुसऱ्या सकाळी टोपली उचलली तर चौदा. लेक तिथल्या कासवमित्राशी तासभर बोलत बसली आणि त्याने तिला माग कसा धरायचा ते वाळूत काढून दाखवलं. व्हिसा मेमध्ये आला. परवा ती किपारिसियाला पोचली. आज तिचा निरोप आहे, तसाच देते: "आई, पहिलं घरटं. हात कोपरापर्यंत गेला. नेदाच्या तोंडाकडचा टप्पा दिलाय."

केतकी_स्टुटगार्ट

मीनलताई, वाचून डोळे भरून आले. नेदाचा टप्पा म्हणजे सगळ्यात लांबचा, जाळ्या खांद्यावरून न्याव्या लागतात आणि बांबूची कड मानेला लागते. टॉवेलची घडी करून खांद्यावर ठेवायला सांगा. आणि तिथल्या कुंपणाशी टोमॅटोवाले आजोबा भेटले तर त्यांना आकडा ग्रीकमध्ये सांगायचा. एक म्हणजे एना, दोन म्हणजे द्यो, तीन त्रिया.